पूर्वेची बाव

दादाने माझ्या घरचे मोदक डबा न उघडताच परत पाठवले, तेव्हा मी ठरवलं की आता वाटणीच करून टाकायची. बहीण म्हणून नको असेन, तर हिस्सेदार म्हणून तरी कशाला राहू? माझ्या नाकावर कायम राग असतो असं आमचे हे म्हणतात, आणि त्यात काही खोटं नाही. पण त्या दिवशी डबा हातात घेऊन मी ओट्यापाशी उभी राहून रडलेसुद्धा. राग आणि रडू मला एकदमच येतं.

ही गोष्ट सन २०४१ची. आमच्या कातळवली गावाच्या डोक्यावर मोठा सडा आहे. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं माळरान. पावसाळ्यात फुलांनी भरतं, उन्हाळ्यात तव्यासारखं तापतं. हा अख्खा सडा एकाच सातबाऱ्यावर. पणजोबांपासून कोणी वाटणी केली नाही, त्यामुळे हिस्सेदारांची नावं वाचायला बसलं की मध्ये चहा लागतो. निम्मे मुंबईला, काही सुरतेला, एक चुलतभाऊ तर फिजी बेटावर. माझं माहेर वरच्या वाडीत आणि सासर खालच्या, पण मुलीचा हिस्सा म्हणून माझंही नाव त्यात आहे.

दोन वर्षांपूर्वी उत्तर युरोपातल्या एका कंपनीने हा सडा मागितला. हवेतला कार्बन वायू ओढून घ्यायचा, पाण्यात विरघळवायचा आणि जांभ्याच्या खालच्या काळ्या खडकात खोल सोडायचा. तिथे दोन-तीन वर्षांत त्या वायूचा चक्क दगड होतो. जगाची हवा साफ होते आणि ज्याच्या जमिनीखाली दगड झाला त्याला नव्व्याण्णव वर्षं भाडं मिळतं. कंपनी स्वतः इकडे फिरकली नव्हती. तिच्या वतीने मुंबईतली एक सल्लागार संस्था बोलायची आणि तिचे निखिल सर दर महिन्याला पेढे घेऊन यायचे.

मी म्हटलं, द्या. दादा म्हणाला, परक्याला एक चिरासुद्धा देणार नाही.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ जयेंद्र तोडणकर. होड्यांच्या इंजिनांचं गॅरेज चालवतो. तो एका पक्षाचा, मी दुसऱ्या. आधी आम्ही निवडणुकीपुरते भांडायचो आणि निकालाच्या दिवशी एकत्र जेवायचो. पण तेव्हा बातम्या वेगळ्या होत्या. एक बातमी छापून यायची, सगळे तीच वाचायचे आणि तिच्यावरून भांडायचे. आता प्रत्येकाच्या कानात यंत्र. बातमी ज्याच्या त्याच्या बोलीत येते, ओळखीच्या वाटणाऱ्या आवाजात. मला सांगणारी बाई अगदी माझ्या मावशीसारखी बोलायची. दादाच्या कानात कोणी तरी जुना खलाशी बोलायचा. मी स्वतः रोज सकाळी गावच्या गटावर ‘कातळवली वार्ता’ सांगते, तीही त्या मावशीकडून ऐकूनच.

शिमग्याच्या आधी दुकानात आमची गाठ पडली.

“तुमच्या कंपनीने आफ्रिकेत गावंच्या गावं उठवली म्हणे,” दादा मला न बघता दुकानदाराला म्हणाला.

“आणि ज्यांनी विरोध केला ती गावं आज पाण्याला महाग आहेत म्हणे,” मीही दुकानदारालाच सांगितलं.

दुकानदार बिचारा गूळ तोलत राहिला.

“हिला सांग, विकलेल्या तोंडाशी मी बोलत नाही.”

“त्याला सांग, मोजणीदाराला तारीख दिली आहे. तुझं तुला, माझं मला. मग बस तुझ्या तुकड्यावर झेंडा लावून.”

“चालेल,” दादा म्हणाला. दोन वर्षांत आमचं पहिल्यांदा एकमत झालं ते असं.

नुसतं आमचंच नाही. हो म्हणणारे आणि नको म्हणणारे सगळेच एव्हाना वाटणीवर आले होते. वाटणीला सर्वांची संमती लागते आणि ती शिमग्याला, चाकरमानी गावात असताना, सहाणेवर, म्हणजे पालखी ठेवायच्या चौथऱ्यावर, घ्यायची असं ठरलं. मग तालुक्याचा मोजणीदार येऊन तुकडे पाडणार होता.

दादाची मुलगी निहिरा पुण्याहून त्याच आठवड्यात आली. ती पुण्यात विषाणूंची वंशावळ शोधते. साथ आली की हा विषाणू कुठल्या गावातून निघाला, कोणाकडून कोणाकडे गेला, ते तिची प्रयोगशाळा सांगते. बापाच्या घरी पिशवी टाकून ती थेट माझ्याकडे आली.

“आत्या, तुझं कानातलं दे. दोन वर्षांत सड्याबद्दल जे जे ऐकलंस ते सगळं हवंय.”

“बापाने पाठवलं का तुला?”

“बाबांनी तुझ्याकडे येऊ नको म्हणून सांगितलंय.”

“मग घे,” मी म्हटलं.

तिच्या यंत्राचं नाव ‘उगम’. तिने मला ते समजावलं, आणि आधी मी चिडचिड केली तरी नंतर समजलं. दोन मुलांनी परीक्षेत बरोबर उत्तर लिहिलं तर त्यातून काही कळत नाही, दोघांनी अभ्यास केला असेल. पण दोघांनी एकच चूक, त्याच जागी, तशीच केली, तर एकाने दुसऱ्याचं बघून लिहिलंय. विषाणूचंही तसंच. एकाकडून दुसऱ्याकडे जाताना त्याच्या रचनेत बारीक चुका होतात आणि त्या पुढच्या प्रत्येक पिढीत उतरतात. चुका जुळवत मागे गेलं की मूळ घर सापडतं.

“बातमीचंही असंच होतं,” निहिरा म्हणाली. “आता शब्द जुळवून उपयोग नाही, कारण यंत्र प्रत्येकाला वेगळ्या शब्दांत सांगतं. उगम शब्द बघतच नाही. कुठली गोष्ट आधी, कुठली नंतर, काय गाळलंय, काय चुकलंय, ते बघतं. कपडे बदलता येतात गं, हाडं नाही बदलता येत.”

“आणि शंभर ठिकाणी एकच गोष्ट आली म्हणजे?”

“म्हणजे शंभर साक्षीदार असतील, किंवा एकच माणूस शंभर वेळा ओरडत असेल. ते उगम सांगतं.”

तिने बापाच्या गॅरेजातली जुनी नोंदही मिळवली होती. दादा काम करताना बातम्या मोठ्याने लावायचा आणि त्याच्या यंत्रात सगळं साठलेलं होतं. नंदावहिनीने ते गुपचूप काढून दिलं होतं. माझ्या बातम्या एकीकडे, दादाच्या दुसरीकडे ठेवून यंत्र चाललं. मला वाटत होतं दोन झाडं उगवतील, एक माझ्या पक्षाचं, एक त्याच्या. पडद्यावर फांद्या खाली खाली जुळत गेल्या आणि शेवटी एकाच बुंध्याला लागल्या.

“हे चुकलंय,” मी म्हटलं. “माझ्या बातम्या म्हणतात द्या, त्याच्या म्हणतात देऊ नका. एकाच घरातून कशा येतील?”

“सड्यावरची बाव कुठे आहे, आत्या?”

बाव म्हणजे विहीर. उन्हाळ्यात गावाला तीच पाणी देते. “पश्चिमेला. वडाखाली.”

“तुझी बातमी म्हणते, पूर्वेची बाव गावालाच राहील. बाबांची बातमी म्हणते, पूर्वेच्या बावीला परके कुंपण घालतील.”

पूर्वेला फक्त चिऱ्यांची एक सोडून दिलेली खाण आहे. पावसाचं पाणी साचून ती वरून चौकोनी विहिरीसारखी दिसते. कोणी तरी आकाशातून काढलेल्या फोटोवरून बाव ठरवली होती. दोन वर्षं मी ती बातमी ऐकली, सांगितलीसुद्धा, आणि एकदाही मला खटकलं नाही. इतका संताप आला की यंत्र उचलून फेकावंसं वाटलं.

“ही चूक पहिल्यांदा कुठे दिसते ते बघ,” निहिराने बुंध्याशी बोट नेलं. “सल्लागार संस्थेच्या स्वतःच्या माहितीपटात. दोन्हीकडच्या कुठल्याही बातमीच्या आधी.”

“पण विरोधाच्या बातम्या ते कशाला पसरवतील?”

“आता दोन्हीकडच्या बातम्यांचा शेवट ऐक.”

माझी मावशी म्हणत होती, ज्याला विकास हवा त्याने आपला हिस्सा वेगळा करून घ्यावा. दादाचा खलाशी म्हणत होता, ज्याला माती वाचवायची त्याने आपला हिस्सा वेगळा करून घ्यावा. पुढचं मला सांगावं लागलं नाही. सातबारा सामाईक असेपर्यंत एक फिजीवालाही अडून बसला तर व्यवहार होत नाही. एकदा तुकडे पडले की हो म्हणणाऱ्यांचे आधी घ्यायचे, मधले रस्ते अडवायचे, आणि उरलेले येतातच पाया पडत. आम्ही भांडावं हीच त्यांची गरज होती. कोण जिंकतं याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं.

“चल तुझ्या बापाकडे,” मी म्हटलं.

दादाने दारातच अडवलं. निहिराने सगळं सांगितलं, त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, “तुझ्या मशीनला पैसे कोणी दिले?”

“विद्यापीठाने.”

“विद्यापीठाला कोणी दिले? आज सगळीच मशीनं कोणाची ना कोणाची असतात. मी का विश्वास ठेवू?”

मला बोलायचं होतं, पण निहिराने हात दाबला. “नका ठेवू, बाबा. तुम्हीच परीक्षा घ्या. ज्याचं मूळ फक्त तुम्हाला माहीत आहे असं काही तरी विचारा.”

दादाने थोडा विचार केला. डोळे जरा चमकले. “मागच्या दिवाळीत गावात आवई उठली होती, मंत्री येणार म्हणून. ती कोणी उठवली, सांग.”

ती आवई मला चांगलीच आठवत होती. अख्ख्या गावाने रस्ता झाडला होता, सडा-रांगोळी केली होती, आणि मंत्री सोडा, त्याची गाडीही फिरकली नाही. निहिराने गावच्या गटावरचे तेव्हाचे संदेश यंत्रात घातले. सगळे एकमेकांचं ऐकून बोललेले, प्रत्येकाने आपलं थोडं घातलेलं. यंत्र थोडा वेळ घुमलं आणि एक नाव वर आलं.

“जयेंद्र तोडणकर,” निहिराने वाचलं.

आतून नंदावहिनी हातात पळी घेऊनच बाहेर आली. “तुम्ही? मी कमरेचा काटा ढिला होईस्तोवर झाडत होते, आणि ते तुम्ही?”

“रस्ता घाण झाला होता,” दादा म्हणाला. “एरवी कोण झाडतंय?”

मी हसायला लागले. दोन वर्षांनी मी त्या घरात हसत होते आणि ते मला थांबवता येईना. दादाने माझ्याकडे बघितलं, तोही हसला, आणि मग एकदम गंभीर झाला. आतला लाकडी पाट ओढून त्याने माझ्यासमोर ठेवला.

“बस विनू,” म्हणाला. “आणि ती बाव कुठे म्हणतात ते मला परत ऐकव.”

शिमग्याला दुपारी ग्रामदेवी नवलाईची पालखी सहाणेवर बसली. गावचे सगळे निवाडे तिथेच. मुंबईकर, सुरतकर, सगळे जमले होते. निखिल सरही आले होते, पांढऱ्या कुर्त्यात, पालखीला मोठा हार घेऊन.

आमच्या सहाणेवर एक रिवाज आहे. ऐकीव गोष्ट सांगायची तर ज्याच्याकडून ऐकली त्याचं नाव घ्यायचं. तो माणूस तिथे असेल तर त्याने हात वर करून त्याला कोणी सांगितलं ते सांगायचं. असं मागे मागे जायचं. नाव नसलेली गोष्ट सहाणेवर चालत नाही. गेली कित्येक वर्षं वाद झाले नव्हते म्हणून हा रिवाज कोणी वापरला नव्हता.

मानकरी रघुकाका मांडवकर उठले. “वाटणीला कोणाची हरकत हाय काय?”

“हरकत नाही, प्रश्न आहे,” दादा उभा राहिला. “वाटणी करावी असं आपल्याला वाटलं कसं, ते सहाणेच्या रिवाजाने विचारायचं आहे.”

रघुकाकांनी क्षणभर त्याच्याकडे रोखून बघितलं आणि मान हलवली. “विचार.”

दादाने आधी स्वतःचं सांगितलं. “मला माझ्या कानातल्याने सांगितलं.” मी हात वर केला. “मलाही.” मग एकेक हात वर होत गेला. हो म्हणणारे, नको म्हणणारे, मुंबईचे, सुरतेचे. कोणालाच माणसाचं नाव घेता येईना. रघुकाकांनी शेवटी स्वतःचाही हात वर केला आणि ते जरा ओशाळले.

मग निहिरा उठली आणि साखळी पुढे कुठे जाते ते तिने सांगितलं, बावीचं नाव न काढता, सगळ्यांना समजेल असं. बुंध्याशी पोचली तेव्हा लोकांच्या माना निखिल सरांकडे वळल्या.

ते डगमगले नाहीत. “माहिती कुठून आली हे महत्त्वाचं नाही, मंडळी. ती खरी आहे की नाही ते बघा. आम्ही तुमच्या सड्याचा इंच न् इंच अभ्यासला आहे.”

“मग आमची बाव दाखवा,” दादा म्हणाला. “इथून सड्याच्या दोन्ही कडा दिसतात. नुसतं बोट करा.”

निखिल सरांनी हसून पूर्वेला बोट केलं.

आधी एक म्हातारी हसली. मग बायका हसल्या, मग पोरं, आणि मग अख्खी सहाण. ढोलवाल्याने तर ढोलावर एक थाप मारून दिली. निखिल सरांचं बोट हवेतच राहिलं, आपलं काय चुकलं हे त्यांना कोणी सांगेना. त्या खाणीत आमच्याकडे म्हशी डुंबतात.

“साहेब, हार पालखीला घाला आणि निघा,” रघुकाका म्हणाले. “परसाद घेऊन जावा.”

वाटणीचा विषय तिथेच संपला. मला वाटलं आता सगळे उठतील. पण दादा माझ्याकडे वळून म्हणाला, “आता बोल. तुला सडा द्यायचाय ना? तुझ्या तोंडाने सांग, का.”

मी उठले. दोन वर्षांत पहिल्यांदा मला पाठ केलेलं काही बोलायचं नव्हतं. मी म्हटलं, मला आफ्रिकेचं माहीत नाही. मला एवढं माहीत आहे की माझे दोन्ही मुलगे परगावी आहेत आणि सणाला येतात ते पाहुण्यासारखे. सड्यावर काही उभं राहिलं तर चार पोरं गावात राहतील. आणि हवा तापते आहे हे मला आमच्या आंब्याच्या मोहरावरून कळतं. त्यावर कोणी इलाज करत असेल तर आपल्या दगडाने हातभार लावावा, असं मला मनापासून वाटतं.

मग दादा म्हणाला, “आणि पाणी? निहिरा, एक टन वायू पुरायला किती पाणी लागतं?”

“पंचवीसेक टन, बाबा.”

“बावीत तेवढं आहे?”

खरं सांगायचं तर दोन्हीकडच्या बातम्यांत पाण्याच्या मापाचा शब्दच कोणी काढला नव्हता. मी निहिराला विचारलं, “खाडीचं खारं पाणी चालेल का गं?”

“प्रयोग झालेत, आत्या. चालतं. पण महाग पडतं.”

“पडू दे की महाग,” रघुकाका म्हणाले. “आपल्या खिशातून जातंय काय?”

मग जी चर्चा झाली तशी आमच्या गावात कधी झाली नव्हती. नंदावहिनी बोलली, फिजीवाला पडद्यावरून बोलला, माझ्या पक्षाचे लोक दादाच्या बाजूने गेले आणि त्याचे माझ्या. दोनदा भांडण पेटलं, पण प्रत्येक जण आपल्या तोंडाने आपलं बोलत होता आणि समोरचा ऐकत होता. सूर्य कलला तेव्हा ठरलं. सडा विकायचा नाही, वाटायचा नाही. हवा तर भाड्याने, अख्ख्या गावाच्या नावावर. पाणी खाडीचं, बावीला हात नाही. कंपनीने मध्यस्थ न घालता स्वतः येऊन सहाणेवर बोलावं. निहिराने तिथूनच तो निरोप थेट कंपनीला धाडला. पुढच्या आठवड्यात कंपनीच्या मुख्य बाईंचं उत्तर आलं की संस्थेने त्यांना कातळवलीकर वाटणीसाठी आतुर आहेत असं कळवलं होतं, त्यांनी त्या संस्थेचं काम काढून घेतलं आहे, अटी वाचल्या आहेत आणि पावसाच्या आधी त्या स्वतः येत आहेत. दादाने ते पत्र गॅरेजात तीनदा मोठ्याने लावून ऐकलं.

मोजणी मात्र रद्द होईना. सरकारी संगणकाने तारीख दिली होती आणि ती परत घ्यायची सोय त्यात नव्हती. त्यामुळे चाकरमानी परतायच्या आतच, ठरल्या दिवशी मोजणीदार आपलं उडतं यंत्र घेऊन सड्यावर हजर झाला. आम्हीही गेलो. आधी दहा-बारा जण जाऊ म्हणत होतो, पण बघता बघता सगळा गाव वर आला. फुटक्या कातळावरून म्हाताऱ्यांना हात देत देत आणलं.

मोजणीदार भला माणूस होता. त्याने यंत्र वर सोडलं आणि दादापासून सुरुवात केली. “जयेंद्र तोडणकर, तुमचा हिस्सा कुठून कुठपर्यंत? हद्द दाखवा, यंत्र रेघ मारील.”

दादा चालायला लागला. पश्चिमेच्या कड्यापासून निघाला, वडाला वळसा घातला, खाणीच्या पलीकडून, देवराईच्या काठाने, सगळा सडा फिरून तो परत आला. वर यंत्र त्याच्या मागोमाग रेघ ओढत होतं. आम्ही उन्हात उभे होतो आणि कोणी हललं नाही.

मोजणीदाराने पडदा बघितला. “अहो, ही तर अख्ख्या सड्याची हद्द झाली.”

“तेवढाच माझा हिस्सा,” दादा म्हणाला.

मोजणीदाराने पुढचं नाव घेतलं. “विनया बावकर. तुमचा कुठून?”

मी चपला काढल्या, पदर खोचला आणि त्याच कड्यावरून, त्याच रेघेने चालायला लागले. माझ्या मागे नंदावहिनी निघाली. तिच्या मागे रघुकाका काठी टेकत निघाले. मग मुंबईकर, सुरतकर, सगळेच. वळणावर मागे बघितलं तर सड्याच्या कडेने माणसांची रांगच रांग लागलेली, आणि दादा हातात पाण्याचा तांब्या घेऊन माझ्याकडे येत होता.